‘चालेल’ म्हणायचं नाही!

पुणे ते बंदर अब्बास. भारत धरून नऊ देश, पाच महिने, सतरा हजार किलोमीटर आणि एका गाडीत नवरा-बायको. गाडी दोघांनी आलटून पालटून चालवली. पण रस्ता बघायचं काम नेहमी दुसऱ्याचं होतं!

लॉन्ग ड्राइव्ह हा शब्द आपल्याकडे फारच स्वस्त झालाय. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून निघून लोणावळ्यात भजी खाऊन आलं, तरी तो लॉन्ग ड्राइव्ह! आम्हीही त्यातलेच. ताम्हिणी, महाबळेश्वर, फार फार तर गोवा. त्यामुळे २०१९ च्या फेब्रुवारीत दोघांनी नोकऱ्या सोडून, आमच्या सात वर्षं जुन्या डिझेल एसयूव्हीनं पुण्याहून थेट इराणपर्यंत जायचं ठरवलं, तेव्हा ओळखीच्यांचे प्रश्न ठरलेले होते. टायर पंक्चर झाला तर? टॉयलेटचं काय? पैसे किती लागतात? आणि सगळ्यात लाडका प्रश्न : घरचे काय म्हणाले?

एक प्रश्न मात्र कुणीच विचारला नाही. ओव्हरटेक कसं करणार?

हसू नका. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून आपलं स्टिअरिंग उजवीकडे असतं. ड्रायव्हर रस्त्याच्या मधल्या बाजूला बसतो. पुढच्या ट्रकच्या आडून जरा मान काढली की समोरचं सगळं दिसतं. आता हीच गाडी उजवीकडून वाहतूक चालणाऱ्या देशात न्या. ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला जातो. त्याला दिसतो फक्त पुढच्या ट्रकचा पार्श्वभाग आणि शेजारचं गटार. समोरून काय येतंय ते दिसतं डाव्या सीटवरच्या माणसाला. म्हणजे स्टिअरिंग एकाच्या हातात आणि डोळे दुसऱ्याचे!

आमच्या वाटेवरच्या आठ परदेशांपैकी फक्त थायलंड आपल्यासारखा डावीकडून चालतो. म्यानमार, लाओस, चीन, किरगिझस्तान, उझबेकिस्तान, तुर्कमेनिस्तान, इराण... सगळे उजवे. दोन पदरी रस्ता आला, पुढे ट्रक आला, की आपला जीव जोडीदाराच्या एका शब्दावर. लग्नाला सहा वर्षं झाली होती. एवढा विश्वास त्याआधी कधी टाकावा लागला नव्हता.

डबल बेल

सुरुवात म्यानमारपासून. मणिपूरच्या मोरेहून पलीकडच्या तामूमध्ये शिरलं की लगेच बाजू बदलते. मोरे-तामू ही सीमा ऑगस्ट २०१८ मध्ये व्हिसा असलेल्या प्रवाशांसाठी रीतसर खुली झाली होती, त्यामुळे आम्ही तसे सुरुवातीच्या गिऱ्हाइकांपैकीच. पुढचा तामू ते कलेवा हा रस्ता भारतानंच बांधून दिलेला, पण त्यावरचे ६९ जुने पूल तसेच होते. अरुंद लोखंडी पूल. एका वेळी एकच गाडी. फळ्या अशा खडखडायच्या की वाटायचं, आपल्याच गाडीचं काहीतरी निखळलं.

म्यानमारची गंमत अशी, की तिथं १९७० मध्ये वाहतूक डावीकडून उजवीकडे आणली, पण गाड्या बहुतेक जपानमधून आलेल्या जुन्या, उजव्या स्टिअरिंगच्या. म्हणजे अख्खा देशच आमच्या पंगतीला! तिथल्या बसचा क्लीनर डाव्या दारातून अर्धा बाहेर लटकून ड्रायव्हरला ओरडून सांगत होता. आम्ही दोघं ते बघून शिकलो. आपल्याकडे एसटीत कंडक्टर जसा दोरी ओढून डबल बेल देतो आणि त्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही, तसंच. सिंगल बेल थांब, डबल बेल चल. मधलं काही नाही.

पण आपली मराठी भाषा मधल्याचीच! पहिल्याच दिवशी गाडी माझ्या हातात होती. पुढे ट्रक. मी विचारलं, “जाऊ?”

तो म्हणाला, “चालेल.”

मी गाडी अर्धी बाहेर काढली, तर समोरून ओंडक्यांनी भरलेला दुसरा ट्रक. ब्रेक, परत आत, दोघांच्या छातीत धडधड.

“अरे, चालेल म्हणालास ना?”

“म्हणजे थांबलीस तरी चालेल, असं म्हणायचं होतं!”

त्या रात्री कलेवाच्या लॉजवर आम्ही नियम केला. गाडीत ‘चालेल’ बंद. ‘बहुतेक’ बंद. ‘बघ बाबा तुझं तू’ तर कायमचं बंद. फक्त तीन शब्द : ‘जा’, ‘थांब’ आणि ‘नको’. ‘थांब’ म्हणजे आत्ता नाही, पुढे बघू. ‘नको’ म्हणजे विषय संपला, हा ट्रक आपल्या नशिबात आहे. सांगणाऱ्याला कारण विचारायचं नाही. आणि चालवणाऱ्याला वाटलं तर ‘जा’ ऐकूनही न जाण्याची मुभा. उलट मात्र कधीच नाही. दर दोन तासांनी सीट बदलायची, म्हणजे दोन्ही कामांची किंमत दोघांना कळते.

तुम्हाला सोपं वाटतंय? घरी रात्री काय जेवायचं यावर ‘चालेल’ न म्हणता दोन मिनिटं बोलून बघा.

मंडाले आणि रत्नागिरी

मंडालेला पोचल्यावर मराठी माणूस दोन गोष्टी शोधतो. एक तर किल्ला आणि त्यातला राजवाडा. शेवटचा राजा थिबा याला ब्रिटिशांनी १८८५ मध्ये इथून उचललं आणि पुढच्या वर्षी आपल्या रत्नागिरीत नेऊन ठेवलं. तिथला थिबा पॅलेस १९१० चा. शाळेच्या सहलीत तो आपण सगळ्यांनी बघितलेला असतो आणि राजापेक्षा डब्यातली पुरी-भाजीच जास्त लक्षात असते. राजा रत्नागिरीतच १९१६ मध्ये गेला. परत आला नाही. मंडालेचा त्याचा मूळ लाकडी वाडा १९४५ मध्ये युद्धात जळला. आज दिसतो तो नव्वदच्या दशकात नव्यानं उभारलेला. प्रत्येक बाजू सुमारे दोन किलोमीटर लांब असलेला चौकोनी खंदक मात्र जुना, पाण्यानं काठोकाठ भरलेला.

दुसरी गोष्ट म्हणजे अर्थातच टिळक. १९०८ ते १९१४ अशी सहा वर्षं ते इथल्या तुरुंगात होते. ‘गीतारहस्य’ इथलं, हे आपल्याला पाठ असतं. पण खंदकाच्या काठावर उसाचा रस पिताना मला आठवल्या त्या सत्यभामाबाई. १९१२ मध्ये त्या पुण्यात गेल्या, तेव्हा टिळक मंडालेत कैदेत होते. आम्ही ते अंतर गाडीनं, थांबत थांबत, महिन्याभरात कापलं होतं आणि रोज रात्री आईला व्हिडिओ कॉल करत होतो. नकाशावर तेच अंतर, पण मध्ये भिंत असली की ते किती होतं, याचा हिशेब किलोमीटरमध्ये लागत नाही.

नवरा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “चल, आता माझी ड्युटी.”

थायलंड पटकन संपलं. रस्ते गुळगुळीत, वाहतूक डावी, त्यामुळे आठवडाभर डावी सीट रिटायर! डाव्या सीटवर चक्क झोप काढता आली. मग चियांग खोंगला मेकाँग नदीवरचा पूल ओलांडला (तो २०१३ चा) आणि लाओसमध्ये पुन्हा उजवीकडे. एप्रिलचा महिना. उत्तर लाओसमध्ये या दिवसांत डोंगरावरचं रान जाळून शेतीसाठी जमीन मोकळी करतात. धूर इतका, की दुपारी बारा वाजता हेडलाइट लावून घाट चढत होतो. त्या घाटांमध्ये आमची तीन शब्दांची भाषा एकदम तयार झाली. लुआंग प्रबांगला पोचलो तेव्हा आम्ही हॉटेलच्या जिन्यातही एकमेकांना ‘जा’, ‘थांब’ म्हणत होतो.

मागच्या सीटवर तिसरा

चीनमध्ये स्वतःची गाडी न्यायची तर गाईड सोबत असावाच लागतो. आधी एजन्सीमार्फत परवानगी, मग सीमेवर गाडीची तपासणी, तात्पुरतं लायसन्स, तातुरती नंबरप्लेट. आपलं इंटरनॅशनल लायसन्स तिथं चालत नाही. मोहानच्या सीमेवर आमचा प्रेशर कुकर बराच वेळ तपासला गेला. शिट्टी काढून बघितली, घालून बघितली. शेवटी मी खुणेनं भात दाखवला, तेव्हा सगळे हसले आणि शिक्का बसला.

तर गाईड. पंचविशीचा, हसरा, कायम भूक लागलेला मुलगा, पुढचा सव्वा महिना आमच्या मागच्या सीटवर. तंबू, भाजणीचा डबा आणि स्टेपनी यांच्या मधल्या जागेत. दोन महिने दोघांच्याच असलेल्या गाडीत तिसरा माणूस आला की काय होतं? भांडणं सभ्य होतात! त्याला मराठी कळत नव्हतं, पण सूर कळत होता. आठवडाभरात तो आमचे शब्द शिकला. छंतूच्या अलीकडच्या घाटात मागून आवाज आला, “नको, नको!” आणि तो बरोबर होता.

नकाशाची वेगळीच मजा. चीनमधले नकाशे सरकारी पद्धतीनं मुद्दाम सरकवलेले असतात, त्यामुळे परदेशी जीपीएसवरची आपली जागा आणि रस्ता यांत काहीशे मीटरचा फरक पडतो. स्क्रीनवर आम्ही कधी नदीतून चाललेले, कधी कुणाच्या शेतातून. म्हणजे तिथंही शेवटी माणसाच्याच नजरेवर भिस्त.

मग गान्सू प्रांत, वाळवंट आणि एक्स्प्रेस-वे. सरळ, रुंद, मध्ये दुभाजक. ओव्हरटेकला कुणाला विचारायची गरजच नाही. आरामच आराम! पण हळूहळू लक्षात आलं की आम्ही बोलेनासे झालोय. तो चालवायचा, मी गाणी ऐकायची. मी चालवायची, तो झोपायचा. एकमेकांची गरज नसलेला रस्ता फार वेगानं संपतो.

तुर्फानचा फोन

तुर्फान म्हणजे शिंच्यांगमधलं द्राक्षांचं गाव. जवळचं आयदिंग सरोवर समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५४ मीटर खाली आहे. उन्हाळ्यात इथं भट्टी पेटते. डोंगरातलं बर्फाचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांनी आणतात, त्याला कारेझ म्हणतात. गावाबाहेर टेकड्यांवर मातीच्या विटांच्या, भोकाभोकांच्या खोल्या दिसतात. वाऱ्यावर, सावलीत बेदाणे सुकवायच्या. आमची गाठ पडली ती मे महिन्यात, म्हणून सगळ्या रिकाम्या. नवऱ्याचं आजोळ तासगावचं. तिथले बेदाण्याचे शेड आठवून तो एका रिकाम्या खोलीत शिरून उभा राहिला होता, तेवढ्यात फोन वाजला.

त्याचा जुना बॉस. मोठं प्रोजेक्ट मिळालं होतं, टीमलीडची जागा होती, पगारवाढ होती. अट एकच. एक जुलैला जॉईन व्हायचं.

एक जुलै म्हणजे ताश्कंदहून विमान. गाडीचं काय, इराणचं काय, बंदर अब्बासचं काय? तो म्हणाला, फ्लॅटचा हप्ता अजून अकरा वर्षं आहे. मी म्हणाले, फ्लॅट भाड्यानं दिलाय आणि हप्ता निघतोय. तो म्हणाला, भाडेकरू गेला तर? मी म्हणाले, ही संधी पुन्हा येणार नाही. तो म्हणाला, नोकरीबद्दलही हेच म्हणता येईल. दोघांचंही बरोबर होतं. असं भांडण सगळ्यात वाईट. त्यात कुणीच हरत नाही, त्यामुळे ते संपतही नाही.

तुर्फान ते काशगर सुमारे १४०० किलोमीटर. तीन दिवस. आम्ही जवळजवळ गप्प. मागच्या सीटवरचा मुलगाही गप्प. आणि शिंच्यांगमध्ये त्या वर्षी गप्प बसायला कारणं पुष्कळ होती. दर काही किलोमीटरला नाके, चेहऱ्याची तपासणी. पेट्रोल पंपाभोवती तारांचं कुंपण. आत फक्त ड्रायव्हरनं जायचं, बाकीच्यांनी फाटकाबाहेर उतरायचं. आम्हाला पासपोर्ट दाखवून सोडत. उइगूर माणसांना मात्र वेगळ्या रांगेत उभं केलेलं दिसे. ते आमच्याकडे बघत नसत. आम्हीही काय बघणार? पुढे २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानं शिंच्यांगवर अहवाल काढला आणि तिथल्या नजरकैदा मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात, असं म्हटलं. आम्ही प्रवासी म्हणून जे पाहिलं ते फक्त फाटकापर्यंतचं.

दर पंपावर मी उतरायची आणि तो गाडी घेऊन आत जायचा. फाटकाबाहेर धुळीत उभं राहून मी त्याला बघायची. दहा मिनिटांत तो परत यायचा. डावं दार आतून उघडून द्यायचा. बोलायचा नाही, पण दार रोज उघडून द्यायचा.

पहिला शब्द : नको

काशगरहून किरगिझस्तानकडे निघालं की चीनचा निरोपही लांबलचक. पासपोर्टवर शिक्का वूछ्या गावात बसतो आणि प्रत्यक्ष इर्केश्तामची सीमा तिथून सुमारे १४० किलोमीटर पुढे. म्हणजे कागदोपत्री तुम्ही चीन सोडलेलं असतं, पण असता चीनमध्येच. गाईड आम्हाला सोडून परत फिरला. जाताना भाजणीची अर्धी पिशवी मागून घेतली. गाडीत पुन्हा दोघंच.

सीमेपलीकडे रस्ता दोन पदरी झाला. दोन्ही बाजूंना बर्फ, मध्ये चिनी माल भरलेले ट्रक, मुंगीच्या वेगानं. तो चालवत होता. पुढे ट्रक, त्यापुढे वळण. त्यानं इंडिकेटर दिला आणि काही न विचारता वाट बघत राहिला. मला दिसत होतं, समोरून टँकर येत होता.

“नको,” मी म्हणाले.

त्यानं इंडिकेटर बंद केला. टँकर गेला. “थांब.” अजून एक गाडी गेली. “जा.”

तो गेला. क्षणभरही घुटमळला नाही. तीन दिवस जो माणूस माझ्याशी धड बोलत नव्हता, त्यानं माझ्या एका अक्षरावर गाडी समोरच्या लेनमध्ये घातली होती. मला एकदम रडू आलं. त्याला वाटलं, उंचीमुळे त्रास होतोय. त्यानं गाडी बाजूला घेतली आणि पाण्याची बाटली पुढे केली!

सारी-ताश हे गाव तीन हजार मीटरच्या वर आहे. समोर पामीरची भिंत, त्यात ७१३४ मीटरचं लेनिन शिखर. एका घरगुती गेस्ट हाऊसच्या चुलीपाशी चहा, पाव आणि घरचं लोणी घेऊन बसलो आणि सगळं बोललो. गाडीतल्या नियमानं. ‘चालेल’ नाही, ‘तुला जे वाटेल ते’ नाही. मी विचारलं, जायचंय का परत? त्यानं बराच वेळ घेतला. मग म्हणाला, “नको. पण भीती वाटते.” मला ते ‘नको’ पुरेसं होतं आणि ‘भीती वाटते’ हे त्याहून महत्त्वाचं. मलाही वाटतच होती. दुसऱ्या दिवशी ३६१५ मीटरची ताल्दिक खिंड उतरून आम्ही ओशला आलो आणि तिथून त्यानं बॉसला नकार कळवला.

सिनेमात इथं म्युझिक वाजतं. आयुष्यात काय झालं तेही सांगते. परत आल्यावर त्याला नोकरी मिळायला चार महिने लागले. पद जुनंच मिळालं आणि पगार आधीपेक्षा कमी. किंमत असते. ती दोघांनी मिळून ठरवून दिली, तर नंतर उगाळली जात नाही, एवढंच.

बाबराच्या गल्लीतून

उझबेकिस्तानात शिरताना पहिलं मोठं शहर लागलं अंदिजान. पानिपतच्या पहिल्या लढाईतला बाबर १४८३ मध्ये इथं जन्मला. तिथं तंदूरच्या आतल्या भिंतीला चिकटवून भाजलेला ‘सामसा’ मिळतो. आपल्या समोशाचा हा भाऊबंद. फक्त आत बटाट्याऐवजी मटण आणि भरपूर कांदा. अडचण एकच, डिझेल! तिथल्या बहुतेक गाड्या गॅसवर चालतात, त्यामुळे पंपांवर गॅस मुबलक आणि डिझेल दुर्मीळ. दर गावात ‘डिझेल? डिझेल?’ करत फिरायचं आणि कुणाच्या तरी अंगणातून कॅननं भरून घ्यायचं.

समरकंदच्या रेगिस्तान चौकाबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी फक्त वेळ सांगते. सकाळी सहाला जा. निळ्या टाइल्सवर पहिलं ऊन पडतं, झाडूवाल्या बायका अंगण झाडत असतात आणि तीन मदरशांच्या मध्ये तुम्ही एकटे. यातला सर्वात जुना उलुघ बेगचा, १४२० मध्ये पुरा झालेला. हा राजा आकाशातले तारे मोजायचा. गावाबाहेर टेकडीवर त्याच्या वेधशाळेतल्या प्रचंड दगडी कमानीचा जमिनीखालचा भाग अजून आहे.

तुर्कमेनिस्तान पाच दिवसांच्या ट्रान्झिट व्हिसावर, म्हणजे घड्याळाशी शर्यत. मग इराण.

इराणनं आमच्या भाषेची परीक्षाच घेतली. तिथं ‘तारोफ’ नावाचा शिष्टाचार आहे. दुकानदार पैसे घ्यायला नकार देतो, तुम्ही आग्रह करायचा, तो पुन्हा नाही म्हणतो, तुम्ही पुन्हा आग्रह करायचा. मग घेतो. म्हणजे ‘चालेल’ची राजधानीच! तीन महिने ‘जा’ आणि ‘नको’वर जगलेल्या आम्हाला ते जडच गेलं. पण त्याच देशात डिझेलचं कार्ड फक्त ट्रकवाल्यांकडे असतं, आणि दर वेळी कुणीतरी ट्रकवाला स्वतःचं कार्ड आमच्यासाठी घासायचा. डोक्यावर स्कार्फ बांधून गाडी चालवणारी मी आणि डावीकडे बसून ‘जा, जा’ करणारा नवरा, हे दृश्य बघून ट्रकवाले हॉर्न वाजवून दाद द्यायचे.

यझदला मातीची घरं आणि त्यांवरचे हवेचे मनोरे. पुण्या-मुंबईतल्या कितीतरी इराणी हॉटेलवाल्यांचे पूर्वज याच यझद-करमान भागातून आले. मी भाबडेपणानं बन-मस्का शोधला. नाही मिळाला! चहा मात्र मिळाला. साखरेचा खडा दातात धरून प्यायचा.

बंदर अब्बासला पोचलो जुलैच्या शेवटी. घामानं निथळत. त्याच महिन्यात होर्मुझच्या सामुद्रधुनीत इराणनं ब्रिटिश झेंड्याचा एक टँकर पकडून याच बंदरात आणला होता आणि त्यावर अठरा भारतीय खलाशी होते. घरून दिवसाला सहा फोन. आमची गाडी मात्र शांतपणे कंटेनरमध्ये शिरली आणि न्हावा-शेव्याला निघाली.

तुम्हाला निघायचंय?

आधी वाईट बातमी. आमचा रस्ता आज तसाच उरलेला नाही. २०२० मध्ये कोविडमुळे सीमा बंद झाल्या, फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्करानं सत्ता घेतली आणि देश यादवीत गेला. मणिपूरही २०२३ पासून अशांत. नेपाळहून तिबेटमार्गे चीनमध्ये जायचा पर्याय असतो, पण रसुवागढीचा सीमेवरचा पूल जुलै २०२५ च्या पुरात वाहून गेला. इराणमध्ये जून २०२५ मध्ये युद्ध झालं. तेव्हा नकाशा उघडण्याआधी परराष्ट्र खात्याच्या सूचना वाचा. रस्ते खिडक्यांसारखे असतात. उघडतात, मिटतात. उघडा मिळाला तर ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणू नका.

कागदपत्रं : गाडीचा पासपोर्ट म्हणजे ‘कार्नेट’. मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनसारख्या संस्था तो देतात. गाडीच्या किमतीच्या प्रमाणात हमी द्यावी लागते. मुदत वर्षाची. सगळे देश तो मागत नाहीत, पण इराण मागतो आणि गाडी परत आणताना आपलं कस्टम्सही. दर सीमेवर येताना-जाताना शिक्का बसलाय ना, ते स्वतः बघा. इंटरनॅशनल लायसन्स आरटीओत मिळतं. गाडीवर ‘आयएनडी’ ही अक्षरं लावा.

खर्च : सगळ्यात मोठा आकडा चीनचा. गाईड, त्याचं राहणं-जेवण, परवाने. दोन-तीन गाड्यांनी मिळून गेलात तर गाईडचा खर्च वाटला जातो.

गाडी : नवी कोरी, सेन्सरनं भरलेली गाडी हवीच असं नाही. गावच्या मेकॅनिकला कळेल अशी हवी. दोन स्टेपन्या, फिल्टर, बेल्ट आणि डिझेलचा कॅन सोबत.

जेवण : भाजणी, गोडा मसाला, कुकर. बस्स.

आणि जोडीदार : ट्रायल घ्या. या रविवारी दिवसभर दोघांनी एकमेकांशी ‘चालेल’, ‘बहुतेक’ आणि ‘तुला जे वाटेल ते’ हे शब्द न वापरता बोलून बघा. नाश्त्यापासून सिनेमापर्यंत सगळं ‘हो’ नाहीतर ‘नको’. रात्रीपर्यंत टिकलात, तर कार्नेटचा फॉर्म मागवायला हरकत नाही.